मागील पानावरून पुढे

एका कारकुनाचा जमाखर्च घेऊन देव स्वतः राजदरबारात गेला, अशी इन्नंबूरची कथा आहे. चोळांच्या काळी सुदन्मन नावाचा गृहस्थ या देवळाचे हिशेब लिहीत असे. राजाला संशय आला आणि वह्या घेऊन हजर व्हायचा हुकूम सुटला. सुदन्मन देवापुढे रडला. दुसऱ्या दिवशी भीतभीत दरबारात पोचला, तर राजा म्हणाला, काल तर सगळं चोख दाखवून गेलास, आज पुन्हा कशाला आलास? आदल्या दिवशी कोण येऊन गेलं हे दोघांनाही तेव्हाच उमगलं. तो देव म्हणजे एळुत्तरिनादर, संस्कृतात अक्षरपुरीश्वर. अप्पर आणि संबंदर या दोघा शैव संतांनीही त्याच्यावर पदं गायिली आहेत. कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या उत्तरेला, भातशेतीच्या मधोमध हे गाव आहे. गाभाऱ्यावरचं विमान हत्तीच्या पाठीसारखं गोल. ऐरावताने इथे पूजा केली असं सांगतात. आईबाप पोरांना पहिलं अक्षर गिरवायला इथे आणतात, आणि ज्याची जीभ अडखळते त्यालाही.

माझी आत्या लग्न होऊन पुण्याहून कुंभकोणमला आली आणि इथलीच झाली. आतोबांचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी उतरलेल्यांपैकी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ. आतोबांच्या मराठीला इथला हेल आहे. लिहिताना मी त्यांचं बोलणं आपल्या वळणावर आणलं आहे, त्यात थोडा गोडवा गेलाच असेल. त्यांची नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक खतावणी विकत आणली आणि जन्मात काय काय करायचं ते तिच्यात लिहायला घेतलं. डाव्या पानावर मथळा ‘येणे’, उजव्या पानावर ‘वसूल’. गोष्ट पार पडली की तारखेनिशी उजवीकडे जाते.

नातीच्या अक्षरारंभासाठी आम्ही सगळे इन्नंबूरला गेलो. आतोबांनी पिशवीतून ती वहीही आणली होती. देवळाच्या आवारात सावलीला बसल्यावर जे बोलणं झालं ते मी इथे देतो आहे. दोघांपैकी कोण बरोबर, हे माझ्या मनात त्या दिवशी अनेकदा बदललं.

आत्या : नातीची पाटी देवापुढे ठेवली ते ठीक. तुमची वही कशाला?

आतोबा : हिशेबाचा देव आहे. जन्मभर शाखाशाखांचे हिशेब साहेबापुढे ठेवले. हा एक त्याच्यापुढे ठेवतो.

आत्या : आणि त्याने उघडून पाहिली तर? ‘पोहायला शिकणे.’ बाहत्तराव्या वर्षी! कावेरीला पाणी असतं तेव्हा तुम्हाला सर्दी असते, आणि तुमची सर्दी जाते तेव्हा कावेरी कोरडी असते.

आतोबा : म्हणून तर तारीख घातली आहे. 12 जून, मेट्टूरचं पाणी सोडायची ठरलेली तारीख.

आत्या : पाणी सुटलं. तुम्ही काठावरून हात जोडून परत आलात.

आतोबा : ते निरीक्षण होतं. मोठ्या कामाआधी पाहणी करतात.

आत्या : आणि मला एक सांगा, मथळा ‘येणे’ का? ‘बर्फ पडताना पाहणे’, येणे. ‘पांबनच्या पुलावरून आगगाडीने जाणे’, येणे. आयुष्य काय तुमचं ऋणको आहे? कोण तुमचा एवढा बर्फ देणं लागतो?

आतोबा : अगं, मनात राहिलेली इच्छा म्हणजे नोंद नसलेला पैसा. तो कोणाचाच नसतो. घरचं लग्न आलं, त्याने थोडा उचलला. गुडघा दुखला, त्याने थोडा. टीव्हीने उरलेला नेला. कागदावर आली की तिला खातं मिळतं, आणि खातं असलं की वर्षाअखेरीस कोणीतरी विचारतं, याचं काय झालं?

आत्या : विचारणारे तुम्हीच आणि उत्तर देणारेही तुम्हीच. अशी तपासणी बँकेत चालली असती का?

आतोबा हसले, पण वही मिटली नाही. त्यांनी जॉन गोडार्डची गोष्ट काढली. 1940 साली लॉस एंजेलिसमधल्या या पंधरा वर्षांच्या मुलाने, घरातली मोठी माणसं ‘तरुणपणी हे केलं असतं तर’ असं हळहळताना ऐकून, पिवळ्या कागदावर 127 गोष्टी लिहिल्या. नाईल नदी वल्हवत उतरायची, मिनिटाला पन्नास शब्द टंकलिखित करायचे, एव्हरेस्ट चढायचं, चंद्रावर जायचं. 1950-51 मध्ये दोन सोबत्यांबरोबर लहान होड्यांतून तो खरोखरच नाईल उतरला. 1972 मध्ये ‘लाईफ’ मासिकाने त्याच्यावर लेख छापला आणि मग जगभर लोक आपापल्या याद्या करू लागले. 2013 साली तो वारला, तोवर शंभरावर गोष्टी उजव्या पानावर गेल्या होत्या.

आत्या : आणि चंद्र?

आतोबा : चंद्र राहिला. एव्हरेस्टही राहिलं.

आत्या : मग मरताना त्याला काय आठवलं असेल, नाईल की चंद्र?

आतोबा : तुला काय वाटतं?

आत्या : मला आपल्या शेजारच्या मामी आठवतात. अय्यंगार बाई. त्यांच्या एकशे आठ दिव्यदेशांची यादी बघा. आळवारांनी गायलेली विष्णूची एकशे आठ स्थानं. आपल्या कुंभकोणमचा सारंगपाणी त्यांतला एक. थेट नेपाळात मुक्तिनाथपर्यंत लोक जातात. पण कितीही पैसा, कितीही पाय असले तरी जिवंतपणी एकशे सहाच होतात. उरलेली दोन म्हणजे क्षीरसागर आणि वैकुंठ. मामी म्हणतात, एकशे सहा मी बघते, दोन तो दाखवेल. याला म्हणतात यादी! करणाऱ्यानेच त्यात दोन अशी घातली की कोणी ‘माझी पुरी झाली’ म्हणून मिरवायला नको. तुमच्या त्या गोडार्डने चंद्र घातला तो जायच्या हट्टाने. इथे वैकुंठ घातलंय ते हट्ट सुटावा म्हणून.

या मुद्द्यावर आतोबा गप्प झाले. मीही. दिव्यदेशांची संख्या मला ठाऊक होती, पण शेवटच्या दोन स्थानांचा हा उपयोग डोक्यात आला नव्हता. माझ्या मते त्या सगळ्या बोलण्यातला हा सर्वांत भक्कम मुद्दा. पण आतोबांना तो स्वतःच्याच बाजूचा वाटला.

आतोबा : म्हणजे यादी हवीच, असंच ना? फक्त वैकुंठ घालायला हवं. मग आमच्या या इन्नंबूरचंही बघ. नायनारांनी गायलेली शिवस्थळं पावणेतीनशेच्या घरात आहेत, त्यांतलं हे एक. ती सगळी बघणारी माणसं मला माहीत आहेत. वही घेऊन फिरतात, शिक्के मारून घेतात. मुरुगाची सहा घरं, त्यांतलं एक इथून जवळच, स्वामिमलैला. नऊ ग्रहांची नऊ देवळं कुंभकोणमच्या आसपास पसरली आहेत, बसगाड्या भरभरून लोक एका दिवसात ती उरकतात. आणि तुमच्याकडे? अष्टविनायक, बारा ज्योतिर्लिंगं, साडेतीन शक्तिपीठं. साडेतीन! इतका काटेकोर हिशेब मीही कधी ठेवला नाही.

इथे मला बोलावंसं वाटलं. पुण्यात माझ्या बरोबरीच्या लोकांची यादी किल्ल्यांची असते, आणि तिची चेष्टा मला कधीच करावीशी वाटली नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले तेव्हा कित्येकांनी नव्या वह्या काढल्या. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा इथे, तमिळनाडूत: जिंजी. 1677 साली शिवाजीमहाराजांनी तो घेतला. पुढे राजाराममहाराजांनी तिथे राहून सात-आठ वर्षं मोगलांचा वेढा झेलला. महाराष्ट्रातल्या माणसाची यादी जिंजीला येऊनच पुरी होते. मी हे सांगताच आतोबांनी वहीचं एक पान उलटून माझ्यापुढे धरलं. ‘जिंजी, राजगिरीच्या माथ्यापर्यंत’ ही नोंद युनेस्कोच्या आधीची होती, आणि त्यांना तिचा रास्त अभिमान होता.

आत्या : दाखवा, दाखवा. आणि त्याखालची ओळही दाखवा. ‘गुडघ्याचे डॉक्टर.’ तीही ‘येणे’मध्येच आहे.

आतोबा : तिच्याशिवाय वरची वसूल कशी होणार?

आत्या : आमच्या तंजावरच्या सरफोजीराजांचं नाव अजून निघालं नाही, याचं नवल वाटतंय. रोज निघतं.

आतोबा : निघणारच. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती राहिला किल्ला, नाव आणि तनखा. दुसरा कोणी असता तर गादीवर लोळून दिवस काढले असते. याने काय केलं? सरस्वती महालात देशोदेशीचे ग्रंथ जमवले. छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेही 1806 साली, जेव्हा पुण्या-मुंबईतल्या मुलांना छापील मराठी पुस्तक कसं असतं हेही माहीत नव्हतं. मोतीबिंदूंवर उपचार करवले; त्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, आजही आहेत. घराण्याचा सगळा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतला, 1803 मध्ये. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उभं राहून वाचायचा, ही माझी पाचवी बाब.

आत्या : अर्ध्यात चष्मा विसरल्याचं आठवतं आणि तुम्ही परत येता.

आतोबा : आणि 1820 साली राजे काशीला निघाले. तीन हजारांच्या आसपास माणसांचा लवाजमा घेऊन. वाटेत मुक्काम, दानधर्म, देवळांची डागडुजी. त्या त्रिस्थळी यात्रेवर लावण्या झाल्या. राज्य गेलेल्या माणसाने एवढी यादी केली आणि पुरी केली.

आत्या : राजांबरोबर तीन हजार माणसं होती. तुमच्याबरोबर मी आहे. स्वयंपाकी मी, वैद्य मी, सामान मोजणारी मी, आणि चष्मा शोधायला परत जाणारीही मी. आणि काशीचं म्हणाल तर तुम्ही एकदा निघाला होतात. आठवतं?

आतोबा : ते लग्नातलं.

आत्या : लग्नातलंच. (माझ्याकडे वळून) अरे, इथल्या ब्राह्मणांच्या लग्नात नवरदेव काशीयात्रेला निघतो. छत्री, काठी, पंखा, काखेत पोथी. आता मला संसार नको, मी काशीला चाललो. मग मुलीचे वडील वाटेत आडवे होतात: अहो, नका जाऊ, आमची कन्या घ्या. आमच्या घरी ही चाल नव्हती. तुझे आजोबा पुण्याचे. त्यांना कोणी आधी नीट सांगितलंच नव्हतं. हे निघाले, तसे ते बाजूला झाले आणि म्हणाले, मोठं पुण्यकर्म आहे, जाऊ द्या त्यांना. हे बिचारे मांडवाच्या टोकाला पोचले, चपला घालून उभे, आणि मागे वळून बघताहेत की कोणी अडवतंय का!

आतोबा : अखेर भटजींनी सासऱ्यांना ढकललं.

आत्या : तर ही यांची पहिली काशीयात्रा. ती वहीत नाही. मला विचाराल तर आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस तेच, आणि ते कोणी लिहून केलं नव्हतं. माझंही तसंच. पुण्याच्या कॉलेजात मी यादी केली असती तर तिच्यात काश्मीर आलं असतं, मुंबईतली नोकरी आली असती, सतार आली असती. कुंभकोणम आलं नसतं. इन्नंबूर तर नाहीच नाही. इथली भाषा मी शिकले, इथल्या पाण्याची झाले, दोन मुलं वाढवली, महामहमच्या गर्दीत एकदा हरवून सापडले. यातलं काहीही मी मागितलं नव्हतं. मग जे मागून मिळवायचं, ते याहून मोठं असेल असं मी का मानू?

महामहम, कुंभकोणमचा स्नानाचा सोहळा, बारा वर्षांनी येतो. इथली म्हातारी माणसं आयुष्य त्याने मोजतात: मी एका महामहमला जन्मलो, त्यानंतरच्या पाचव्याला नातू झाला. मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. आतोबांच्या वहीत तो आहेच, आणि समोर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘दोघांनी’. मला तो एक शब्द पुऱ्या वहीपेक्षा मोठा वाटला. आत्याने तो पाहिला होता की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

मी मध्येच गोडसे भटजींचं नाव काढलं. वाद मिटवावा म्हणून काढलं, आणि तो दुप्पट झाला.

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज होतं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कळल्यावर ते काकांबरोबर 1857 मध्ये उत्तरेला निघाले. वाटेतच शिपायांचा उठाव झाल्याची बातमी आली. पुढची दोन-तीन वर्षं ते ग्वाल्हेर, झाशी, अयोध्या असे फिरले. झाशीच्या वेढ्यात शहराच्या आत होते. पुन्हापुन्हा लुटले गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी उरले असताना त्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही: गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते पायी वरसईला परतले आणि आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घातलं. 1883 मध्ये त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं.

आतोबा : बघ! नेम होता म्हणून कावड पोचली. नेम नसता तर पहिल्या लुटीतच माणूस घरी परत आला असता.

आत्या : नेम कशाचा होता? कर्ज फेडायचा. पैशाची बाब बुडीत गेली. झाशी, राणी, बंड, हे कुठल्या यादीत होतं? आणि आज दीडशे वर्षांनंतर आपण ते पुस्तक का वाचतो, कावडीसाठी की झाशीसाठी?

आतोबा : दोन्हीसाठी. कावड खांद्यावर नसती तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस नुसता पळतोय. खांद्यावर पाणी आहे म्हणून तो कुठेतरी चाललाय.

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते तिथेच लिहून घेतलं. आत्यालाही ते आवडलं असावं, कारण तिने लगेच विषय एकनाथांवर नेला.

आत्या : मग नाथांची कावड? काशीहून रामेश्वराला चालली होती. म्हणजे याच बाजूला, आपल्या इकडे. वाटेत वाळवंटात गाढव तहानेने तडफडताना दिसलं आणि नाथांनी सगळं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. रामेश्वर राहिला. ही नोंद तुमच्या वहीत कुठे घालाल? वसूल की बुडीत?

आतोबा : (बराच वेळ गेल्यावर) वसूल. पण पावती दुसऱ्याच्या नावाची.

आत्या : म्हणजे?

आतोबा : रामेश्वराला पाणी पोचलं. रामेश्वर तिथे होता. कथाच तसं सांगते.

आत्या : मग तुमच्या वहीत अशा नोंदीला रकाना आहे का? नाही ना? डावीकडे बर्फ, उजवीकडे बर्फ. मधे गाढव आलं तर कुठे लिहिणार?

एवढ्यात नात धावत आली. भटजींनी ताटातल्या धान्यावर तिचं बोट धरून अक्षर काढून घेतलं होतं. आता तिला ते पुन्हा काढायचं होतं आणि ताट कोणी देईना. आत्याने पिशवीतले तांदूळ जमिनीवर फडक्यावर पसरून दिले. ती काढायची, हाताने सारवायची, पुन्हा काढायची. आतोबा तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी ज्या कथेने दिवसाची सुरुवात झाली होती तीच पुन्हा हातात घेतली. मला वाटतं, खरा वाद इथून पुढे झाला.

आतोबा : तू म्हणतेस वही फोल आहे. मग सुदन्मन बघ. त्याने रोजकीर्द चोख लिहिली होती, म्हणून देवाला ती दाखवता आली. कोरी वही घेऊन देव दरबारात गेला असता तर काय दाखवलं असतं?

आत्या : मला तर ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हाच दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याचे. दुष्काळ पडला, माणसं मरू लागली, आणि पंतांनी बादशहाचं कोठार खुलं करून धान्य वाटून टाकलं. त्यांचा हिशेब चोख नव्हताच. धान्य खरोखरच कमी होतं, चांगलं कोठारभर कमी. बेदरहून बोलावणं आलं. तेव्हा विठोबा विठू महार होऊन पैशाची थैली घेऊन गेला आणि तूट भरून आला. तुमचा देव बरोबर असलेला हिशेब दाखवायला जातो. आमचा देव चुकलेला भरून द्यायला जातो. सांगा, मोठा कोण?

आतोबा : असं देवादेवांत करू नये.

आत्या : मी देवांत करत नाही, वह्यांत करतेय. तुम्हाला भीती आहे की डाव्या पानावर काही उरलं तर तुम्ही नापास. मला वाटतं, दामाजींचं उरलं तेच त्यांचं पुण्य. कोठार भरलेलं ठेवून ते वारले असते तर त्यांचं नाव कोण घेतं?

आतोबा : कबूल. पण एक गोष्ट तू सोडलीस. विठोबाने बादशहाकडून पावती घेतली.

आत्या : (हसत) घेतली खरी.

आतोबा : घेतली, आणि आणून दामाजींच्या गीतेच्या पोथीत ठेवली! देवानेसुद्धा लेखी काम केलं. तोंडी निरोप दिला नाही, ‘भागवलं बरं का’ म्हणून. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद हवा. तपासणीस कुठल्याही देवाचा असो, कागद मागतोच.

आत्या इतकी मोठ्याने हसली की पलीकडे बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. आतोबा जिंकले असं मला वाटलं. पण हसू ओसरल्यावर तिने वही त्यांच्या मांडीवरून उचलली आणि पहिलं पान काढलं.

आत्या : ही पहिली बाब. ‘काशी, गंगाजल, रामेश्वर.’ चूक आहे.

आतोबा : काय चूक?

आत्या : क्रम. इकडच्या माणसाने आधी रामेश्वरला जायचं. तिथली वाळू घ्यायची. ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची. मग गंगा घ्यायची, काशी करायची, आणि ते पाणी परत रामेश्वराला घालायचं. तुम्ही वाळूच लिहिली नाहीत. वाळूशिवाय काशी म्हणजे नुसतं फिरायला जाणं.

आतोबा : वाळू... (थांबले.) वाळू घरात आहे.

मला हे ठाऊक नव्हतं. आत्याला होतं. आतोबांचे वडील ऐन उमेदीत रामेश्वरला जाऊन आले. वाळू आणून पितळी डब्यात भरली. काशीस जावे नित्य वदावे, तसं रोज सकाळी म्हणायचे, यंदा प्रयाग. मग एक साल बहिणीच्या लग्नाचं गेलं, एक घराच्या छपराचं, एक मुलाच्या शिक्षणाचं. तो मुलगा म्हणजे आतोबा. अखेरची सालं आजारपणात गेली. डबा देवघरात राहिला. लग्न होऊन आल्यापासून दर दिवाळीला आत्या तो घासूनपुसून लख्ख करते आणि झाकण न उघडता जागच्या जागी ठेवते.

आतोबा : ती त्यांची वाळू आहे. माझी मी नवी आणेन. पांबनचा नवा पूल झालाय, 2025 च्या एप्रिलपासून गाड्या सुरू आहेत. माझी बाब मी माझ्या पायांनी...

आत्या : तुमची बाब? म्हणून तर मी मघापासून विचारतेय, ‘येणे’ कोणाचं? मामंजींनी तुमच्या फीसाठी प्रयाग पुढे ढकललं. हे तुमचं येणं नाही, देणं आहे. डावीकडचा मथळा खोडा आणि नीट लिहा.

आतोबा : मागील पानावरून पुढे ओढलेली शिल्लक.

आत्या : तुमच्या भाषेत काय म्हणायचं ते म्हणा. मामंजींचीच वाळू प्रयागला जाईल.

आतोबा : आणि वसूलची तारीख? ती कोणाच्या खात्यावर घालू?

आत्या : त्रिवेणीपर्यंतची त्यांच्या. गंगा उचलल्यापासूनची तुमच्या. रामेश्वराला पाणी घालाल तेव्हा दोघांच्या मिळून घाला, तिथे तो बघून घेईल.

आतोबांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग ‘येणे’ खोडलं नाही. त्याच्या आधी, मोकळ्या समासात, ‘देणे-’ असं लिहिलं. आत्याने ते पाहिलं आणि म्हणाली, दोन्ही ठेवलीत, हे मात्र तपासणी खात्याला शोभलं. त्यावर आतोबा म्हणाले की जिंजी आणि पोहणं ही बिनशर्त येणीच आहेत, त्यांत कोणाचं देणं नाही. आत्याने पोहण्याला मान्यता दिली, बुडणार नाही इतक्या पाण्यात. जिंजीला दिली नाही.

नात तांदूळ सारवून पुन्हा अक्षर काढत होती. मी रामेश्वरहून बनारसला जाणारी थेट गाडी फोनवर शोधली; आठवड्यातून एकदा सुटते. आतोबांनी लगेच वार लिहून घेतला आणि परतीच्या पाण्यासाठी किती लिटरचा कॅन घ्यावा हे विचारलं. दहा लिटर, ते म्हणाले. पाच, आत्या म्हणाली. दहा लिटर तुम्ही उचलणार नाही, मी उचलेन, आणि वाटेत गाढव भेटलं तर पाच पुरे. गाढव भेटणार नाही, आतोबा म्हणाले, आपण वातानुकूलित डब्यातून येणार आहोत. मग खालचे बर्थ दोन मिळाले पाहिजेत, आत्या म्हणाली, आणि पितळी डबा माझ्या हातात, तुमच्या पिशवीत नाही, कारण त्यात तुमचा चष्मा असतो.